पिंपळनेरचा तो एक संगणक

‘ताई, आमच्याकडे उघडत नाही हो.’

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकत आले आहे. जळगावात वेबसाइट करून देणाऱ्या माणसाला सकाळचा पहिला फोन बहुतेक हाच असतो. सुरुवातीला मी उलट विचारायची, ‘तुमच्याकडे म्हणजे कशात?’ आणि समोरचा चिडून म्हणायचा, ‘कशात म्हणजे? दुकानात!’ मग मी कपाळाला हात लावायची आणि स्कूटर काढायची.

मी मूळची धुळ्याची. चित्रकलेची पदविका घेतली तेव्हा शाळेत ड्रॉइंग टीचर व्हायचं ठरलं होतं. ती जागा काही निघाली नाही, म्हणून एका छापखान्यात लग्नपत्रिकांची डिझाइनं करू लागले. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा वेबसाइटचं वारं नुकतंच सुटलं होतं. मला वाटलं, पत्रिका काय आणि वेबसाइट काय, चौकटीत देखणं मांडायचं एवढंच तर आहे. इतका मूर्ख विचार मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

पत्रिका एकदा छापली की ती चोपड्यात वाचा नाहीतर चाळीसगावात, तशीच दिसते. वेबसाइटचं तसं नसतं. आपण जे बनवतो ते चित्र नसतं, ती असते कृती, वांग्याच्या भरताची लिहून द्यावी तशी. समोरच्याच्या फोनमध्ये किंवा संगणकात ती कृती वाचून पान उभं करणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ब्राउझर म्हणतात. हे ब्राउझर दहा प्रकारचे, त्यात नवे-जुने, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी मिरची जास्त टाकतो, कुणाला कांद्याची पात म्हणजे काय तेच माहीत नसतं. तुम्ही मात्र बसलात कृती लिहून आणि समजलात की सगळीकडे एकच चव येणार!

एका डाळमिलवाल्या शेठजींना पानावर वरून तूरडाळ पडताना पाहिजे होती. ‘धो धो पडली पाहिजे,’ असे त्यांचे शब्द. मीही पेटले. आठ दिवस खपून अशी डाळ पाडली की माझी मलाच नजर लागेल. शेठजींच्या मुलाच्या लॅपटॉपवर ती धो धो पडली, पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी मुनीमजींच्या संगणकावर तीच डाळ अर्ध्यात अडकली आणि नेमकी फोन नंबरावर जाऊन बसली. शेठजी शांतपणे म्हणाले, ‘बाई, डाळ राहू दे अडकलेली. माझा नंबर तेवढा वर काढ.’ गिऱ्हाइकाला काय हवं असतं ते मला त्या दिवशी कळायला हरकत नव्हती. पण मी मुनीमजींच्या संगणकालाच मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि पुढच्या कामाला लागले.

ही झाली गंमत. आता जे सांगणार आहे त्यात गंमत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या एका देखण्या कल्पनेपायी एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि तिचा बाप तिच्याशी बोलायचा बंद झाला. मुलीचं नाव सुवर्णा. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणायचे. खरी नावं मी इथे देत नाही, पण बाकी सगळं घडलं तसंच लिहिते आहे, कारण यातलं थोडं तरी लपवलं तर लिहिण्यात काही अर्थच उरत नाही.

आमच्या समाजाचं एक मंडळ आहे. दरवर्षी वधू-वर परिचय मेळावा घेतं आणि त्याच्या पुस्तिका छापतं. पुस्तिका दोन, मुलींची वेगळी, मुलांची वेगळी. मंडळाचा नियम असा की मुलींची पुस्तिका फक्त मुलांच्या घरी जायची आणि मुलांची मुलींच्या घरी. मुलींची माहिती उगाच हातोहात फिरू नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेला हा नियम, आणि तो चांगलाच होता. फक्त त्यामुळे असं व्हायचं की आपल्या मुलीबद्दल पुस्तिकेत काय छापलं आहे हे मुलीच्या घरच्यांना कधी दिसायचंच नाही.

मंडळाचे अध्यक्ष नाना. जळगावात त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं, स्वभाव हौशी. एक दिवस मला बोलावून म्हणाले, ‘यंदा फॉर्म कागदावर नकोत, वेबसाइटवर घेऊ. पण बघ हं, पोरीच्या लग्नाचं काम आहे, पान उघडलं की मांडवात आल्यासारखं वाटलं पाहिजे. सरकारी अर्जासारखं काही नको मला.’

नानांनी माझ्या मनातलंच सांगितलं होतं. फॉर्ममधला सगळ्यात रुक्ष भाग म्हणजे जन्मतारीख. मी तिथे एक कमळ काढलं. पाकळीवर बोट ठेवलं की वर्ष निवडलं जायचं, मग आतली पाकळी उघडायची, ती महिन्याची, आणि त्याच्या आतली दिवसाची. नानांनी स्वतःची जन्मतारीख चार वेळा निवडून पाहिली, दुकानातल्या माणसांना बोलावून दाखवली. फॉर्म भरून झाला की पावतीचं पान यायचं. त्यावर भरलेली सगळी माहिती दाखवायची असा रिवाज असतो, पण मला ते पान गजबजलेलं वाटलं. मी फक्त नोंदणी क्रमांक ठेवला आणि खाली एक बारीक वेलबुट्टी काढली. काय सुरेख दिसत होतं ते पान, आजही डोळ्यांपुढे येतं.

काम करताना मी अगदीच गाफील नव्हते. मंडळाची साधी साइट आधीपासून होतीच, आणि साइट कुठल्या ब्राउझरमधून उघडली गेली याची यादी आम्हाला मिळते. माझं कमळ ज्यात उमलणार नाही असे जुने ब्राउझर त्या यादीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. एवढ्या दोन-चार माणसांसाठी का अडून बसायचं? त्यांना कमळाच्या जागी साधा रिकामा चौकोन दिसेल, टाइप करतील बिचारे तारीख, असं म्हणून मी पुढे गेले. चौकोनाजवळ ‘आधी दिवस, मग महिना’ एवढे चार शब्दसुद्धा लिहिले नाहीत. तो चौकोन कुणाला दिसणारच नाही, असं मी धरूनच चालले होते.

माझी चूक कुठे झाली ते सांगते. मुंबई-पुण्यात यादीतला एक संगणक म्हणजे एक माणूस असेल. आमच्याकडे तसं नाही. लग्नाचा फॉर्म घरी फोनवर कुणी भरत नाही. फोटो स्कॅन करायचा असतो, दाखला जोडायचा असतो, आणि मुलीच्या आयुष्याचं काम म्हटल्यावर जाणकाराच्या हातूनच झालेलं बरं वाटतं. म्हणून लोक सायबरवाल्याकडे जातात. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरच्या बाजारात राजू नावाच्या गृहस्थांचं असं दुकान होतं. त्यांच्याकडे एकच संगणक, म्हातारा झालेला, पण चालू. पिंपळनेरच्या आणि आसपासच्या गावांतल्या समाजाच्या लोकांनी आपले फॉर्म त्या एकाच संगणकावरून भरले. माझ्या यादीत तो संगणक फक्त ‘एक’ म्हणून होता, त्याच्यापुढे लागणारी रांग त्यात दिसत नव्हती. मी ते एक बोट मुडपलं आणि मोकळी झाले.

राजूंच्या संगणकावर कमळ आलं नाही, चौकोन आला. त्यांनी आपल्या पद्धतीने तारीख टाइप केली, आधी दिवस, मग महिना. आतला प्रोग्राम मात्र अमेरिकी पद्धतीने वाचत होता, आधी महिना, मग दिवस. वीस, पंचवीस असा दिवस आला की प्रोग्राम अडायचा, कारण पंचविसावा महिना नसतो. तेव्हा राजू दोन्ही आकडे उलटे करून बघायचे, फॉर्म पुढे जायचा, काम झालं. मला फोन करून ‘ताई, तुमचं इथे अडतंय’ असं त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या मते अडलेलं काम काढून देणं हेच तर सायबरवाल्याचं कसब. पण बारापर्यंतचे दिवस कुठेच अडायचे नाहीत. ते गुपचूप उलटे होऊन आत जायचे. थोडक्यात, जिथे अडचण आली त्या तारखा बरोबर राहिल्या आणि जिथे सगळं सुरळीत झालं त्या चुकल्या.

सुवर्णाचा जन्म चार सप्टेंबरचा. पुस्तिकेत छापून आला नऊ एप्रिल.

हे मला कळलं तेव्हा वर्ष होत आलं होतं. कळलं तेही हसण्यावारी. साइटवरून प्रत्येकाला वाढदिवसाचा संदेश आपोआप जाण्याची सोय मी हौसेने केली होती. मे महिन्यात सोनगीरच्या एका शिक्षकांचा फोन आला. ‘ताई, शुभेच्छांबद्दल आभार. पण माझा वाढदिवस मार्चमध्येच होऊन गेला. का दोनदा साजरा करू?’ मीही हसले. फोन ठेवला आणि त्यांची नोंद काढून पाहिली. पाच मार्चचं तीन मे झालं होतं. हसू तिथेच थांबलं. फॉर्म भरला तेव्हा ते पिंपळनेरला नोकरीला होते. मग त्या संगणकावरून आलेल्या नोंदी जोडलेल्या दाखल्यांशी एकेक करून ताडून पाहिल्या. अशा उलट्या तारखा आणखी कितीतरी निघाल्या.

राजूंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘ताई, म्हणजे सुवर्णा खरं बोलत होती.’

‘कोण सुवर्णा?’

तेव्हा मला ती हकिगत कळली. मुलगी नर्सिंग झालेली. धुळ्याचं चांगलं स्थळ आलं, बघणं झालं, दोन्हीकडून पसंती झाली, सुपारीही फुटली. आबांनी मुलीची जन्मपत्रिका दिली, चार सप्टेंबरची. मुलाच्या काकांनी मात्र ताडून बघायला पुस्तिकेतल्या तारखेवरूनही एक पत्रिका काढून घेतली, नऊ एप्रिलची. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. पुस्तिकेच्या पत्रिकेत मंगळ, आबांच्या पत्रिकेत मंगळ नाही. काका चार माणसांत म्हणाले, ‘मंगळ लपवायला बापाने नवी पत्रिका करून आणली.’ लग्न मोडलं.

आबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उभ्या नोकरीत त्यांच्या तिकिटात आणि रोकडीत कधी फरक निघाला नव्हता. त्या माणसाला चार जणांत लबाड म्हटलं गेलं. घरी येऊन त्यांनी मुलीला विचारलं, फॉर्म भरायला कोण गेलं होतं? सुवर्णाच गेली होती. ती म्हणाली, ‘आबा, मी बरोबर तारीख सांगितली.’ राजू म्हणाले, ‘तिने सांगितली तीच मी टाकली.’ दोघंही खरं बोलत होते, पण आबांना कसं पटावं? फॉर्म भरायच्या आधी महिनाभर सुवर्णा घरात म्हणत होती की आत्ता लग्न नको, सुरतच्या दवाखान्यात नोकरी मिळते आहे, दोन वर्षं करू द्या. आबांनी हिशेब जुळवला. लग्न नको होतं म्हणून पोरीने मुद्दाम खोटी तारीख दिली आणि बापाची अब्रू घालवली. त्या दिवसापासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. एका घरात, एका पंगतीला जेवायला बसायचं, आणि ‘तिला सांग भाकर वाढायला’ असं आईकरवी बोलायचं. चार महिने.

राजू म्हणाले, ‘ताई, तुम्ही या. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.’

आता इथे मी तडक उठून पिंपळनेरला गेले असं लिहायला मला किती आवडलं असतं! मी गेले नानांकडे. नानांनी चष्मा काढून डोळे चोळले. ‘मेळावा तोंडावर आला आहे,’ ते म्हणाले. ‘आत्ता तारखा चुकल्याचं बाहेर गेलं तर मंडळावर कोण विश्वास ठेवील? तू सगळ्यांना फोन कर, पडताळणी चालू आहे म्हण, तारखा सुधारून घे. चूक झाली असं म्हणू नकोस. मेळावा होऊ दे, मग बघू.’

मी म्हणाले, ‘आणि पिंपळनेरची मुलगी?’

‘ते तर झालं ना आता मोडून. आठ-दहा दिवसांनी काय बिघडतंय?’

सगळा दोष नानांवर टाकून मी सुटू शकते, पण ते खरं नाही. त्यांनी मला थांब म्हटलं आणि मला बरं वाटलं. मंडळाचं काम पाहून आणखी दोन समाजांच्या मंडळांनी मला बोलावलं होतं. त्या कमळाचं कौतुक कानात अजून ताजं होतं. कुणाच्या तरी ओट्यावर बसून ‘हे माझ्यामुळे झालं’ असं सांगायची मला लाज वाटत होती, भीती वाटत होती. मी गोड आवाजात पडताळणीचे फोन केले. सुवर्णाचं नाव आबांनी यादीतून कधीच काढून घेतलं होतं, त्यामुळे तिला फोन करायचं निमित्तही नव्हतं. मेळावा झाला, उत्तम झाला, माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल खांद्यावर असताना मला जे वाटलं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आज सांगते. मला माझी किळस आली.

त्या दिवशी संध्याकाळी मी धुळ्याच्या त्या काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘आमचं दुसरीकडे जमलं, बाई. तुमचं काय असेल ते तुमच्यापाशी ठेवा.’ लग्न काही परत येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेची धुळ्याची बस धरली, तिथून पिंपळनेर. कळल्यापासून अकरावा दिवस होता तो.

आबा ओट्यावरच बसले होते. उंच, वाळकं अंग, पांढरी टोपी. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. त्यांनी आत बसवलं. सुवर्णाची आई पाणी देऊन चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली, तिच्या मागोमाग घरातच राहणारी सुवर्णाची काकूही गेली. मी पिशवीतून कागद काढला. राजूंच्या संगणकावर तो चौकोन कसा दिसतो, त्यात ०४/०९ टाकलं की आत काय होतं, सगळं आबांना पेनाने काढून दाखवलं. कंडक्टर माणूस, आकड्यांना पक्का. दोनदा मलाच विचारलं, ‘म्हणजे बारा तारखेपर्यंतच हे असं होणार?’ मी म्हटलं, ‘हो.’ त्यांनी स्वतः दोन-तीन तारखा कागदावर लिहून उलट्या करून पाहिल्या. मग पेन खाली ठेवलं.

‘पोरगीनी बरोबर सांगेल शे, मग,’ ते म्हणाले. हे माझ्याशी नव्हतं. ते स्वतःशीच बोलत होते.

‘आबा, तिने बरोबर सांगितली होती. चूक माझी आहे.’

‘तुम्हाले कधी कळनं हे?’

खोटं बोलता आलं असतं. कालच कळलं म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? ‘अकरा दिवस झाले,’ मी म्हणाले.

आबांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, ‘रविवारी गयी ती सुरतले. पेटी उचलीसन दारात उभी होती, माझ्याकडे बघत होती. मी पेपर वाचत बसलो.’

रविवार म्हणजे तीन दिवसांपूर्वीचा. मला कळून तेव्हा आठ दिवस झाले होते. त्या आठ दिवसांत मी कधीही येऊ शकले असते. मी त्या घरात बसून रडले, लाज न बाळगता रडले. आबांनी मला उगी राहा म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं.

त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. तिचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. फोन लागला. पलीकडून ‘हॅलो’ म्हटलेलं मलाही ऐकू आलं. आबा एवढंच म्हणाले, ‘जेवनी का?’

पलीकडे ती रडायला लागली असावी. आबांनी फोन माझ्या हातात दिला. ‘तुम्हीच सांगा, ताई.’

मी सांगितलं. कागदावर आबांना दाखवलं तेच तिला शब्दांत सांगितलं, अकरा दिवसांसकट. मी माफी मागितली. सुवर्णाने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर तिने नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग अगदी कामाच्या आवाजात, वॉर्डात सूचना द्याव्यात तशी ती बोलली.

‘ताई, स्पीकर चालू आहे का?’

‘नाही.’

‘चालू करा. घरात कोण कोण आहे?’

‘आबा आहेत. आई आणि काकू स्वयंपाकघरात आहेत.’

‘दोघींना बाहेर बोलवा. दार उघडं ठेवा, शेजारचे आले तर येऊ द्या. चार महिने सगळ्यांनी माझ्याकडे चोरासारखं बघितलं आहे. तुम्ही मला आत्ता जे सांगितलं, ते सगळं आता त्यांना सांगा. मी ऐकते आहे.’

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी उठून दार सताड उघडलं आणि आत हाक मारली. दोघी बाहेर आल्या. चहा उतू गेल्याचा वास आला, पण कुणी हललं नाही. मी फोन मध्ये ठेवला, उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.

‘जरा मोठ्यानं,’ फोनमधून सुवर्णा म्हणाली.